थोरलीचं कपाळ

भाचीच्या साखरपुड्यात मेढ्याच्या एका आजींनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्या दिवसापासून मी माझ्या सख्ख्या बहिणीवर जळायला लागले. खरं तर जळत आधीपासूनच होते. त्या दिवशी वरून रॉकेल पडलं, एवढंच.

भाची म्हणजे आमच्या एकुलत्या एक भावाची मुलगी. भाऊ सांगलीत असतो. त्याला बहिणी दोन, अक्का आणि मी. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न करून साताऱ्याला गेली, तिथल्याच एका शाळेत शिकवून रिटायर झाली. मी तासगावच्या अलीकडं एका गावात पडले, द्राक्षबागेत. आमच्याकडं सुपारी फुटली की मुलाकडच्या बायका ताट घेऊन उठतात आणि मुलीकडच्या सवाष्णींना कुंकू लावून ओट्या भरतात. आधी मुलीची आई, मग आत्या, आणि आत्यांमध्ये थोरलीचा मान पहिला. हा क्रम कुठं लिहून ठेवलेला नाही, पण तो चुकला की पुढच्या दोन-तीन लग्नांना पुरेल एवढं बोलणं होतं.

मुलाच्या आजी भावजयीची ओटी भरून आमच्याकडं वळल्या. अक्का आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. आजींनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"थोरल्या आत्या, आदी तुमचा मान," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत कुंकू लागलं होतं. भावजय "आवं आजी" म्हणून पुढं सरकली, तर अक्कानंच तिचा हात दाबला आणि हसून "असू दे, असू दे" म्हणाली. मग आजी तिच्याकडं गेल्या आणि, "ह्या धाकट्या व्हय? अजून पोरगेल्याच दिसत्यात की," असं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या. बायका हसल्या. अक्काही हसली. मी तिच्याकडं टक लावून बघत होते. मान गेला होता तिचा. तिनं रुसायला पाहिजे होतं, निदान कसंनुसं तोंड करायला पाहिजे होतं. पण तिच्या कपाळावर एक आठी नाही. सारवलेल्या अंगणासारखं ते कपाळ, आणि त्याच्या मधोमध टिकली.

आता कुणाला वाटेल, पहिला मान मिळाला तर बाई रडते कशाला? तर ऐका. लहानपणी घरात मला नावानं कुणी हाक मारली नाही. मी 'बारकी'. अक्काचा फ्रॉक आखूड झाला की तो बारकीला. अक्काची पुस्तकं बारकीला. अक्काची सायकल ब्रेक गेल्यावर बारकीला. सल्ला अक्काला विचारायचा आणि चहा बारकीनं टाकायचा. दिवाळीच्या साड्या आल्या की आधी अक्का निवडणार आणि राहिलेली माझी, तीही "तुला हाच रंग शोभतो" असं ऐकवून. या सगळ्यात माझ्या वाट्याला एकच गोष्ट आली होती, ती म्हणजे मी लहान होते. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी अक्काशेजारी उभी राहिले की मी लहान. आता तेही तिनं नेलं. थोरलेपण तिच्याकडं होतंच, धाकटेपणही तिच्याकडं गेलं, आणि मी बसले नुसती ओटीतल्या नारळाकडं बघत.

हात धुताना मी तिला विचारलंच, "अक्का, तू चेहऱ्याला लावतेस तरी काय गं?"

"काही नाही बाई. साय आणि बेसन," ती म्हणाली. "तुला कुठला वेळ बागेतनं."

ते 'तुला कुठला वेळ' मला जास्त झोंबलं.

लग्न वैशाखात होतं, साताऱ्याला. तिथंही ओट्या भरल्या जाणार, तिथंही त्याच आजी ताट घेऊन उठणार. घरी येताना गाडीतच मी ठरवलं की त्या दिवशी आजींनी आमच्या दोघींकडं बघून, कुणी न सांगता, आधी अक्काकडं जायचं. मग माझ्याकडं यायचं आणि म्हणायचं, ह्या धाकट्या. दुसरं काही मला नको होतं.

मग सुरू झालं साय आणि बेसन. महिनाभर मी इमानेइतबारे ते थापलं. सुरकुत्या होत्या तिथंच राहिल्या, मात्र घरातलं मांजर माझ्या मागं मागं फिरायला लागलं. मग तासगावच्या पार्लरमधून एक क्रीम आणलं. डबी इतकी जड आणि सुंदर की आतलं संपल्यावर हळदी-कुंकवाला वापरता आली असती. त्याचा गुण आला! सकाळी लावलं की तासाभरात गाल भरल्यासारखे व्हायचे, डोळ्यांखालच्या रेघा पुसट व्हायच्या. मी हरखून नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिले. तो बागेतून येऊन जेवायला बसला होता.

"काय फरक दिसतोय का?" मी विचारलं.

त्यानं मान वर करून बघितलं. "भिजीवलेल्या बेदाण्यागत दिसायलीस," म्हणाला.

आमचं बेदाण्याचं शेड आहे, त्यामुळं त्याला उपमा तीच सुचणार. पण बोलला ते खरं होतं. आजारी माणसाला द्यायला बेदाणे रात्री पाण्यात टाकतो, सकाळी ते टच्च फुगतात. फुगतात म्हणून काय पुन्हा द्राक्ष होतात? दुपारपर्यंत माझ्याही गालांचं तेच झालेलं असायचं. संध्याकाळी आरशात बघावं तर सगळ्या रेघा आपापल्या जागी हजर.

मधल्या काळात मेढ्याहून फोन यायला लागले. मुलाची आई मला फोन करायची आणि 'थोरल्या आत्या' म्हणायची. हळद कुणी आधी लावायची, मुलीला कुठला रंग चालेल, तुमच्याकडं देवकाला काय लागतं. पहिल्या फोनला मला सांगायचं होतं की बाई, मी धाकटी, थोरली साताऱ्याला आहे. पण ती इतक्या अदबीनं विचारत होती की मी सांगून टाकलं. दुसऱ्या फोनला जरा आवाज जड करून सांगितलं. पुढं भाऊही मलाच विचारायला लागला, कारण त्या लोकांशी बोलणं माझंच होत होतं. या फोनांचं मी अक्काला काही बोलले नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

संक्रांत झाल्यावर मी सांगलीला एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. घरी सांगितलं, डोळे तपासायचेत. बाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "सुरकुत्या खरंच जातात का हो, का नुसती लूट आहे?"

"थोडं खरं आहे, बरंच वाढवून सांगितलेलं आहे," त्या म्हणाल्या. "साध्या क्रीमनं त्वचा ओलसर राहते, म्हणून काही तास बरी दिसते. बारीक रेघा औषधी क्रीमनं जरा कमी होतात, पण महिनोन् महिने लावावं लागतं. खोल गेलेल्या जात नाहीत. आणि सगळ्यात जास्त सुरकुत्या आणतं ते ऊन. शेतात जाता ना? चेहऱ्याला काय बांधता?"

मी काय बांधणार? डोक्यावर पदर. आणि एकदम आठवलं ते द्राक्षाच्या घडांना लावायचे कागद. उन्हानं मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून आम्ही प्रत्येक घडाला वर्तमानपत्र गुंडाळतो. इतकी वर्षं हात वर करकरून मी हजारो घड झाकलेत, आणि ते झाकताना माझं तोंड मात्र वर, उन्हाकडं. त्याच वर्षांत अक्का वर्गात पंख्याखाली उभी राहून कविता शिकवत होती. डॉक्टरीणबाई पुढं काय म्हणाल्या ते थोडा वेळ मला ऐकूच आलं नाही. मला माझ्या सासरचा, बागेचा, सूर्याचा, सगळ्यांचा एकदमच राग आला.

मग त्यांनी इंजेक्शनाचं सांगितलं. कपाळावर आठ्या पाडणारा स्नायू त्यानं सैल पडतो, तीन-चार महिने टिकतं, मग रेघा परत येतात.

"म्हणजे तेवढे दिवस आठी पडतच नाही?" मी विचारलं.

"घालायची म्हटली तरी नीट घालता येत नाही," त्या हसून म्हणाल्या.

साय आणि बेसन! माझ्या डोळ्यांपुढं साखरपुड्यातलं ते सारवलेलं कपाळ आलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घेतलं असतं तर घेतलं असतं, कुणाची ना होती? पण स्वतः सुई टोचून घ्यायची आणि धाकट्या बहिणीला बेसन लावायला सांगायचं! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला द्यायचं का. मी नको म्हणाले. एक तर सुईची भीती वाटत होती. आणि अक्कानं केलं तेच आपण करायचं म्हणजे पुन्हा तिचाच आखूड झालेला फ्रॉक घालायचा. माझं मला काहीतरी वेगळं पाहिजे होतं.

त्यांनी मला रात्री लावायचं औषधी क्रीम लिहून दिलं. वाटाण्याएवढं घ्यायचं, आठवड्यातून दोन रात्री, हळूहळू वाढवायचं. दिवसा उन्हाचं क्रीम लावायचं आणि तोंड झाकायचं. पुन्हा पुन्हा बजावलं, घाई करू नका, जास्त लावू नका.

आता हे सांगायला त्यांना कुणीतरी दुसरं भेटायला पाहिजे होतं. बागायतदाराच्या बायकोला हे सांगून काय उपयोग? आमच्या भागात औषधाचा डोस जेवढा सांगितला तेवढा कुणी मारल्याचं मी बघितलेलं नाही. दुकानदारानं एक माप सांगितलं की आम्ही दीड घालतो, ढग आले तर दोन. "जरा कडकच मारू" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून दर हंगामात ऐकत आले. तरी पहिले काही आठवडे मी वाटाण्याएवढंच लावलं. फरक काही दिसेना. वैशाख जवळ यायला लागला. मग म्हटलं, वाटाण्यानं काय होतंय? हरभऱ्याच्या घाट्याएवढं घेतलं. मग रोज. मग दोन बोटं भरून, कपाळापासून गळ्यापर्यंत. दिवसा लावायचं पांढरं क्रीम मात्र मी एकदाच लावलं. शेडवरच्या बायका, "वैनी, पिठाच्या गिरणीतनं आलाय का?" म्हणून इतक्या हसल्या की पुन्हा हात लावला नाही.

बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता. दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये आणि उन्हात ये-जा. एका सकाळी तोंड धुताना पाणी लागलं तर ओरडलेच. आरशात बघितलं तर चेहरा लालबुंद, नाकाशेजारी आणि कपाळावर सालपटं सुटलेली. दोन दिवसांनी आख्खं कपाळ सोलायला लागलं. नवरा इतर वेळी कशाचीही चेष्टा करतो, पण या वेळी गप्प बसला. त्या गप्प बसण्यानंच मला कळलं की काय अवतार झालाय. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या आधी रागावल्या, मग शांत झाल्या. सगळं बंद करा, साधं मलम लावा, उन्हात जाऊ नका, भरून येईल, पण वेळ लागेल. वेळ तर नव्हताच. लग्न आठवड्यावर आलं होतं.

आदल्या दिवशी आम्ही साताऱ्याला अक्काच्या घरी उतरलो. मी पदरानं तोंड झाकूनच जिना चढले. दार अक्कानं उघडलं. तिनं माझा पदर बाजूला केला आणि "अगं बाई!" म्हणून भुवया वर केल्या. आणि तिच्या कपाळावर तीन रेघा उमटल्या. ठसठशीत, आडव्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

मला माझ्या तोंडाची आग विसरायला झाली. इतका आनंद मला पोरांच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

तिनं मला आतल्या खोलीत नेऊन आरशापुढं बसवलं आणि बोटानं मलम लावायला लागली. हलक्या हातानं लावत होती. आरशात आम्ही दोघी दिसत होतो.

"साय आणि बेसन," मी म्हणाले.

तिचं बोट थांबलं.

"इंजेक्शन घेतलं होतंस ना? सांगलीच्या बाईंनी मला सगळं सांगितलंय. कपाळाचं."

अक्का शाळेत चांगलं बोलायची, घरीही चांगलं बोलते. पण राग आला की ती सरळ माहेरच्या बोलीवर येते. "घेतलं हुतं. दोनदा घेतलं," ती म्हणाली. "दिवाळीत घेतलं ते शेवटचं, साखरपुड्याच्या आदी."

"मग आता लग्नाला का नाही घेतलंस?"

"मुद्दाम घेतलं न्हाई." तिनं मलमाचं झाकण लावलं. "साखरपुड्यात माजा मान तुला गेला. मी म्हटलं असू दे. काय करणार, भर हॉलात भांडू? मला रडायला येत हुतं, बारके. पण कपाळच हलंना. तू टकामका माज्याकडं बघत हुतीस, आन् तुला वाटलं आसंल, अक्का मजेत हाय."

"मला तसंच वाटलं," मी म्हणाले.

"मग त्या लोकांचं फोन तुला. भाऊ विचारतोय तुला. हळद कवा, देवक कवा, समदं तू सांगणार. मला काय, तयार हून या म्हणून निरोप. मी थोरली हाय का न्हाई? आता ह्या वयात दुसरं हाय काय माज्याकडं? शाळा सुटली, पोरं लांब. कोण सांगणार त्यास्नी, थोरली मी हाय म्हणून? म्हटलं, आता कपाळच सांगू दे."

इथं मी तिच्या गळ्यात पडायला पाहिजे होतं. मी पडले नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की बघा, हिला पाहिजे तेव्हा ही तरुण होते आणि पाहिजे तेव्हा थोरली. मी सालपटं काढून घेतली तरी मला दोन्हीतलं एक धड जमलं नाही. आणि दुसरं हे आलं, की इतकी वर्षं जिच्यावर मी जळत होते ती चार महिने माझ्या फोनांवर जळत होती. हे मात्र ऐकायला फार बरं वाटलं. मी ते तोंडावर दिसू दिलं नाही. सुजलेल्या तोंडाचा तेवढा एक फायदा झाला.

"फोन त्यांनीच केले," मी म्हणाले.

"तू सांगायचं हुतंस, मी धाकटी म्हणून."

खाली कुणीतरी चहाला हाक मारली आणि आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि बायका ताटं घेऊन उठल्या. त्याच आजी पुढं होत्या. भावजयीची ओटी भरून त्या आमच्याकडं वळल्या. अक्का आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. अक्कानं केसही रंगवले नव्हते. माझ्या कपाळावर नवी, गुलाबी, चकचकीत कातडी आली होती, लहान पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर येते तशी. त्यावर रेघ म्हणून दिसत नव्हती, कारण सगळंच सुजलेलं होतं. आजींनी डोळे बारीक करून एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं. कुणीही त्यांना काही सुचवलं नाही.

"त्या दिशी माजं चुकलंच बगा," आजी म्हणाल्या. "थोरल्या ह्या न्हवं का?"

आणि त्या अक्कापुढं गेल्या.

कुंकू लागलं. मानाची साडी दिली गेली, हिरवी, मोठ्या काठाची. आजी वाकून अक्काला काहीतरी विचारत होत्या, मुलीला माहेरी कधी पाठवायची वगैरे. शेजारी मुलाची आई उभी होती, जिचा फोन मला दर दोन दिवसांनी यायचा. तीही मान हलवून अक्काचं ऐकत होती. मग आजी माझ्याकडं आल्या. "आन् ह्या धाकट्या," म्हणाल्या. "तोंडाला काय झालं वो, बाई?" उत्तराची वाट न बघता त्यांनी कुंकू लावलं. कोवळ्या कातडीवर ते मिरचीसारखं झोंबलं.

साखरपुड्यापासून मी ज्यासाठी धडपडत होते ते सगळं जसंच्या तसं झालं होतं. आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं, आणि तोंडानं 'धाकट्या'. ओटीत माझी साडी पडली. ती निळी होती. मी अक्काच्या हिरव्या साडीकडं बघितलं. अक्कानं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या, झोंबतंय का गं, असं विचारायला. तिच्या कपाळावर त्या तीन रेघा उमटल्या, कुंकवाच्या वर, एकाखाली एक. तसल्या रेघा माझ्याकडं कितीतरी वर्षं होत्या. त्या घालवायला मी आख्खा हंगाम तोंड जाळून घेतलं, आणि आता तिच्या कपाळावरच्या बघून मला वाटत होतं, या माझ्या होत्या.